डिलेनियसचें शेवाळी-दप्तर

आमच्या वाचकांचा नित्य व्यवहार पोथ्या, बाडें, सनदा आणि शिलालेख यांच्याशीं. त्यांच्यापुढें शेवाळाची कथा मांडण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न मथळा वाचतांच कोणीहि करील. आणि तो वाजवीच आहे. उत्तर इतकेंच कीं, प्रस्तुत विषय वरवर पाहतां वनस्पतिशास्त्राचा असला तरी त्यांतील वाद आमच्याच घरचा आहे. अस्सल कोणतें व नक्कल कोणती, वस्तु कोठून आली, ती कोणीं आणली, आणि मूळ हरवल्यावर नुसत्या नांवाची किंमत काय उरते, हे चार प्रश्न साधनांच्या संग्राहकास जन्मभर छळतात. सुमारें तीनशें वर्षांपूर्वीं वेल्समधील डोंगरांवरून वेंचलेल्या शेवाळाच्या पुड्यांसंबंधानें हेच चार प्रश्न उभे राहिले. त्यांचा निवाडा कसा लागला तें पाहण्यासारखें आहे.

प्रथम शब्दाचा खुलासा. अमरसिंहानें शैवाल हा शब्द वारिवर्गांत घातला असून जलनीली हा त्याचा पर्याय दिला आहे. अर्थात् कोशकाराच्या डोळ्यांपुढें तळ्यांतील हिरवा तवंग होता. पावसाळ्यांत वाड्याच्या भिंतीवर, विहिरीच्या कांठावर व किल्ल्याच्या तटावर जी मखमलीसारखी हिरवळ चढते ती नव्हे. मराठींत आपण दोहोंसहि शेवाळच म्हणतों. अलीकडील वनस्पतिशास्त्रज्ञांनीं पाण्यांतील वर्गास शैवल व भिंतीवरील, सूक्ष्म पानें असलेल्या वर्गास शेवाळी अशीं नांवें वांटून दिलीं आहेत. तींच आम्ही येथें स्वीकारतों. हा घोटाळा केवळ आपलाच नव्हे. लॅटिनमधील मुस्कुस या शब्दानेंहि अठराव्या शतकांत शेवाळी, शैवल आणि आपल्याकडे दगडफूल म्हणून मसाल्यांत पडतो तो वर्ग, इतक्यांचा एकत्र बोध होत असे. ज्या ग्रंथाविषयीं आम्ही लिहीत आहों त्यांतहि ही सर्व मंडळी एकाच पंक्तीस बसलेली आहे.

आतां स्थळ. उत्तर वेल्समधील स्नोडन पर्वताची उंची ३५६० फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईहून तो बराच ठेंगणा. परंतु समुद्र जवळ, पाऊस बारमाही आणि धुकें दाट, त्यामुळें उघड्या खडकावर शेवाळीची वाढ विपुल. या पर्वतावरील दुर्मिळ वनस्पतींकडे विद्वानांचें लक्ष प्रथम वेधणाऱ्यांत एडवर्ड लॉइड हा प्रमुख होय. तो १६९१ पासून ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाचा रक्षक होता. जॉन रे यानें १६९० मध्यें ब्रिटिश वनस्पतींचा 'सिनॉप्सिस' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत स्नोडनवरील वनस्पतींची माहिती लॉइडनें पुरविली होती. आमच्या वाचकांस विशेष वाटेल ती गोष्ट अशी कीं, हाच लॉइड डोंगर चढून झाडें वेंची आणि गांवोगांव हिंडून जुनीं हस्तलिखितें व शब्दहि वेंची. 'आर्किओलॉजिया ब्रिटानिका' हा त्याचा १७०७ चा ग्रंथ केल्टिक भाषांच्या तौलनिक अभ्यासाचा पाया समजला जातो. १७०९ मध्यें तो वारला तेव्हां डोक्यावर ऋण होतें. त्याचीं हस्तलिखितें विकलीं गेलीं. त्यांपैकीं आयरिश पोथ्या पुढें डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत पोहोंचल्या; इतर कित्येक कागद मात्र नंतरच्या आगींत भस्म झाले. ज्यानें जमविलें त्याच्या मागें तें कोण सांभाळील, हा प्रश्न या कथेच्या उंबरठ्यावरच उभा आहे.

लॉइडच्या मागून बारा वर्षांनीं, १७२१ मध्यें, योहान याकोब डिलेनियस हा जर्मन वैद्य इंग्लंडांत आला. गीसन या गांवाच्या आसपासच्या वनस्पतींची यादी त्यानें १७१८ मध्यें छापली होती, व तींत शेवाळी आणि अळंबीं यांचा असा कांहीं तपशील होता कीं, विल्यम शेरार्ड या धनिक वनस्पतिवेत्त्यानें त्यास आपल्याकडे बोलावून घेतलें. रे याच्या ग्रंथाची तिसरी आवृत्ति १७२४ मध्यें निघाली, ती डिलेनियसनें सिद्ध केली होती. परंतु तीवर संपादक म्हणून त्याचें नांव नाहीं. इंग्रजांच्या वनस्पतींवर परकीयानें अधिकार सांगितलेला लोकांस रुचणार नाहीं, या भीतीनें तें गाळलें गेलें असें सांगतात. ज्याचें स्वतःचें नांव असें गाळलें गेलें, त्यानें पुढें आपल्या साहाय्यकांशीं कसें वर्तावें, हा मुद्दा वाचकांनीं मनांत ठेवावा.

या तिसऱ्या आवृत्तीस ज्यांनीं नमुने पुरविले त्यांत सॅम्युएल ब्रूअर हा एक होता. हा विल्टशायर परगण्यांतील ट्रोब्रिज गांवचा राहणारा. त्याचा धंदा लोंकरीच्या कापडाचा. पण त्यांत त्यास यश आलें नाहीं. पंडित म्हणून त्याची ख्याति नव्हती, ग्रंथ तर त्यानें एकहि लिहिला नाहीं. १७२६ मध्यें डिलेनियस व तो असे दोघे ट्रोब्रिजहून निघाले. मेंडिप टेंकड्या, ब्रिस्टल, तेथून उत्तर वेल्स व अँगलसी बेट असा त्यांचा प्रवास झाला. डिलेनियस परत फिरला. ब्रूअर मात्र बँगर येथें मुक्काम करून एक वर्षाहून अधिक काळ राहिला. ग्रीन नांवाचा एक धर्मोपदेशक व जोन्स नांवाचा एक गृहस्थ यांच्या सोबतीनें तो डोंगर धुंडाळी, आणि वाळविलेले नमुने, विशेषतः शेवाळीचे, डिलेनियसकडे पाठवी.

या मुक्कामाचें महत्त्व काय तें शेवाळीचा स्वभाव जाणल्याशिवाय कळत नाहीं. फुलझाड फुललें कीं त्याची जात ओळखतां येते, व तें फुलण्याचा हंगाम बहुधा उन्हाळ्याचा. शेवाळीस फूल नाहीं. केसासारख्या देंठावर येणारें बारीक बोंड हीच तिची मुख्य खूण. आणि कित्येक जातींचें बोंड हिंवाळ्यांत किंवा वसंताच्या आरंभीं, गारठ्यांत व चिखलांत, पक्व होतें. उन्हाळी प्रवासांत पंडित जें पाहूं शकत नाहीं, तें वर्षभर तेथेंच राहणाऱ्यास दिसतें. ऑक्सफर्डमध्यें बसलेल्या विद्वानाच्या कित्येक शंका बँगरहून आलेल्या पुड्यांनीं फिटल्या त्या यामुळें.

शेरार्ड १७२८ मध्यें वारला. ऑक्सफर्ड येथें वनस्पतिशास्त्राचें अध्यापकपद चालावें म्हणून त्यानें मृत्युपत्रांत द्रव्य ठेविलें होतें. त्या पदावर पहिला अध्यापक डिलेनियस झाला. १७३२ मध्यें एल्थम येथील बागेच्या वनस्पतींवरील त्याचा मोठा सचित्र ग्रंथ निघाला, आणि १७४१ मध्यें 'हिस्टोरिया मस्कोरम', म्हणजे शेवाळीचा इतिहास, प्रसिद्ध झाला. त्यांत ८५ चित्रपट आहेत. तीं चित्रें त्यानें स्वतः काढलीं व ताम्रपटांवर स्वतःच कोरलीं. नमुने ब्रूअरप्रमाणेंच इतरांकडूनहि आले होते. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हानियाचा जॉन बार्ट्राम हा शेतकरी लंडनच्या पीटर कॉलिन्सन या व्यापाऱ्यामार्फत त्यास तिकडील शेवाळी पाठवीत असे. अशा रीतीनें अनेक हातांनीं वेंचलेलें एका हातानें लिहिलें गेलें.

डिलेनियस १७४७ मध्यें वारला. येथें कथेचा खरा मोड आहे. त्याचे वाळविलेले नमुने, चित्रें, पुस्तकें व कागद हे सर्व त्याच्या पदावर आलेल्या हंफ्री सिब्थॉर्प यानें विकत घेतले, व तें सर्व पुढें ऑक्सफर्ड विद्यापीठाचें झालें. या सिब्थॉर्पविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, पस्तीस वर्षांच्या अध्यापकींत त्यानें व्याख्यान दिलें तें एकच, आणि तेंहि फसलें. आख्यायिका खरी असो वा नसो. त्याच्या नांवावर शोध फारसे नाहींत हें खरें. परंतु त्यानें दप्तर फुटूं दिलें नाहीं. लॉइडचे कागद विखुरले व जळाले. डिलेनियसचें शेवाळ, जें वाऱ्याच्या फुंकरीनें उडून जावें, तें आज ऑक्सफर्ड येथें आहे. विद्येच्या इतिहासांत केवळ सांभाळून ठेवणारासहि एक आसन असलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

दप्तर राहिलें म्हणून काय लाभ झाला तें आतां पाहूं. स्वीडनचा लिनियस १७३६ मध्यें ऑक्सफर्डास येऊन डिलेनियसला भेटला होता. दुसऱ्याच वर्षीं त्यानें आपला 'क्रिटिका बोटानिका' हा ग्रंथ त्यास अर्पण केला. आपल्या कोंकणांत ज्यास करमळ म्हणतात त्या वृक्षाच्या जातीस लिनियसनें डिलेनिया हें नांव दिलें तेंहि याच्याच सन्मानार्थ. १७५३ मध्यें लिनियसनें 'स्पीशीज प्लँटारम' हा ग्रंथ काढून प्रत्येक वनस्पतीस द्विपद नांव देण्याची पद्धति रूढ केली. त्यांत शेवाळी व दगडफूल यांच्या प्रकरणीं त्यानें बहुतेक ठिकाणीं डिलेनियसच्या ग्रंथांतील चित्राचाच हवाला दिला आहे. म्हणजे कित्येक नांवें अशीं कीं, त्यांस आधार म्हणून लिनियसजवळ वस्तु नव्हती. होतें तें दुसऱ्याच्या पुस्तकांतील चित्र.

चित्र हें मूळ वस्तूची नक्कलच होय. नक्कल कितीहि चांगली असली तरी जें नकलकारास दिसलें नाहीं तें तींत उतरत नाहीं. शेवाळींत तर पानाच्या कडेचे दांत, पेशींची ठेवण, बोंडाच्या तोंडावरची झालर यांवरून जात ठरते, आणि तीं सूक्ष्मदर्शकाखालींच नीट दिसतात. त्यामुळें अमुक नांव नेमकें कोणत्या वनस्पतीचें, असा वाद जेव्हां निघाला, तेव्हां पुस्तक उघडून तो मिटेना. पाठभेदाचा वाद जसा छापील प्रतीवर मिटत नाहीं, मातृकेपर्यंत जावें लागतें, तसेंच येथें झालें. १८८० मध्यें क्रॉम्बी या अभ्यासकानें ऑक्सफर्डच्या संग्रहांतील दगडफुलांचे नमुने डिलेनियसच्या चित्रांशीं ताडून पाहिले. १८८३ मध्यें लिंडबर्ग यानें शेवाळीच्या बाबतींत त्याच ग्रंथाची चिकित्सा केली. १९०७ मध्यें ड्रूस व व्हाइन्स यांनीं डिलेनियसच्या संग्रहांची समग्र सूची प्रसिद्ध केली. १९९४ मध्यें लिनियसच्या दगडफूलवर्गीय नांवांचा जो निवाडा प्रसिद्ध झाला, त्यांतहि डिलेनियसचीं चित्रें व नमुने साक्षीस उभे आहेत. अडीचशें वर्षांनंतर वाळलेलें शेवाळ बोलूं लागलें, तें मूळ नमुना जागेवर होता म्हणूनच.

यावर कोणी म्हणेल कीं, डिलेनियसच्या काळचें ज्ञान तर चुकीचें ठरलें, मग त्याच्या दप्तराची एवढी मातब्बरी कां? आक्षेप बिनतोड दिसतो, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. शेवाळीच्या देंठावरील बोंड हें फुलांतील परागकोशासारखें आहे, असें लिनियससारखा धुरंधरहि मानीत असे. हें मत चुकीचें होतें. योहान हेडविग या वैद्यानें तें खोडून काढलें. हेडविगचा जन्म ट्रान्सिल्व्हानियांत १७३० मध्यें झाला. केम्निट्स येथें वैद्यकी करून उरलेल्या वेळांत तो शेवाळी वेंची व सूक्ष्मदर्शकाखालीं पाही. शेवाळीचे नर व मादी असे खरे अवयव बोंडाहून निराळे व फार सूक्ष्म असतात, आणि बोंडांतील भुकटी म्हणजे पराग नसून तिच्यापासून नवी शेवाळी उगवते, हें त्यानें दाखविलें. त्याचा मूलभूत ग्रंथ १७८२ पासून निघूं लागला. १७९९ मध्यें तो लाइपझिग येथें वारला, आणि 'स्पीशीज मस्कोरम' हा त्याचा अखेरचा ग्रंथ श्वेग्रिखेन यानें १८०१ मध्यें प्रसिद्ध केला. स्फॅग्नम नांवाचा दलदलींत वाढणारा एक वर्ग वगळतां सर्व शेवाळीच्या नांवांचा आरंभ विद्वानांनीं त्या १८०१ पासूनच धरला आहे. त्याचा संग्रहहि जिनीव्हा येथें रक्षिलेला आहे.

येणेंप्रमाणें अनुमान पडलें, परंतु साधन पडलें नाहीं. बोंडाविषयींचें जुनें मत आज केवळ कुतूहलाचा विषय आहे; पण ब्रूअरनें पाठविलेली शेवाळी तेव्हां जी होती तीच आज आहे, व नव्या दृष्टीच्या माणसास नवें सांगण्यास ती समर्थ आहे. शेवाळीचा एक गुण येथें सांगण्याजोगा आहे. ती दाबून वाळवावी लागत नाहीं. कागदाच्या घडींत ठेविली असतां आपोआप सुकते व आकसते. पुढें कित्येक वर्षांनीं तिचा तुकडा काढून त्यावर पाण्याचे चार थेंब टाकले तर पानें पुनः पसरतात व मूळ आकार दिसूं लागतो. पोथीस हें भाग्य नाहीं. पोथीचें किडीनें खाल्लेलें अक्षर कोणत्याहि पाण्यानें परत येत नाहीं.

आतां ब्रूअरविषयीं. वेल्स सोडून १७२८ मध्यें तो यॉर्कशायरांत रिचर्डसन नांवाच्या वनस्पतिप्रेमी वैद्याच्या आश्रयास गेला, व आयुष्याच्या उत्तरार्धांत एका ड्यूकच्या बागेचा माळी झाला. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर डिलेनियसचें नांव आहे, आणि तें योग्यच आहे. कारण विवेचन व चित्रें त्याचीं. परंतु बँगरचा हिंवाळा ज्यानें सोसला त्याचें काय? सुदैवानें ब्रूअरनें वेल्सच्या या खेपेची रोजनिशी ठेविली होती, ती टिकली व पुढें छापली गेली. त्याच्या वेल्समधील वास्तव्याची स्मृति म्हणून पिवळ्या फुलांच्या एका वनस्पतीस एकोणिसाव्या शतकांत त्याचें नांवहि मिळालें. रोजनिशी नसती तर कोणत्या दिवशीं, कोणत्या कड्यावर, कोणाच्या सोबतीनें तो गेला हें आज कळतें ना. संग्राहकाची कीर्ति पंडिताच्या प्रस्तावनेवर अवलंबून असत नाहीं. ती त्यानें स्वतः लिहून ठेविलेल्या चार ओळींवर अवलंबून असते.

डिलेनियस व ब्रूअर फिरले तो डोंगराळ प्रदेश १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान झाला आहे, आणि त्यांतील कूम इडवल ही दरी १९५४ मध्यें वेल्समधील पहिलें राखीव निसर्गक्षेत्र म्हणून जाहीर झाली. तेथें आतां कोणी उठावें व मूठभर शेवाळ ओरबाडावें असें चालत नाहीं. परवानगी लागते, आणि कांहीं दुर्मिळ जातींस तर १९८१ च्या कायद्याचें संरक्षण आहे. अभ्यासक चाकूच्या टोंकानें लहानसा तुकडा काढतो व तो कागदाच्या घडींत घालतो. त्या घडीवर स्थळ, उंची, खडक कीं माती कीं झाडाची साल, दिनांक, वेंचणाराचें नांव व अनुक्रमांक हीं तेथेंच लिहितो. जातीचें नांव मागून लिहिलें तरी चालतें, चुकलें तरी सुधारतां येतें. स्थळ व दिनांक मात्र मागून लिहितां येत नाहींत, व चुकले तर सुधारण्यास जगांत कोठेंहि साधन नाहीं. नवखा मनुष्य नांवासाठीं धडपडतो, जाणता प्रथम स्थळ लिहितो. ब्रिटनमधील शेवाळीच्या अभ्यासकांनीं १८९६ मध्यें नमुन्यांच्या देवघेवीसाठीं एक मंडळ काढलें, त्याचीच १९२३ मध्यें ब्रिटिश ब्रायॉलॉजिकल सोसायटी झाली. तिच्या कामाचा कणा ही घडीच आहे.

आपल्याकडील स्थिति काय? विल्यम मिटन या इंग्रज औषधविक्रेत्यानें १८५९ मध्यें हिंदुस्थानांतील शेवाळीची पहिली मोठी गणना प्रसिद्ध केली. हिमालयापासून सिंहलद्वीपापर्यंत अनेकांनीं गोळा केलेले नमुने त्यानें ससेक्समधील आपल्या खेड्यांत बसून तपासले. १९०६ मध्यें तो वारल्यावर त्याचा संग्रह न्यूयॉर्कच्या वनस्पति-उद्यानानें घेतला. म्हणजे आपल्या डोंगरांवरील कित्येक शेवाळीची मूळ प्रत आज अटलांटिकच्या पलीकडे आहे. पोथ्यांच्या बाबतींत हें दुःख आपणांस परिचयाचें आहेच. परंतु न्याय्य बोलावयाचें तर असेंहि म्हटलें पाहिजे कीं, ती तेथें निदान आहे, व तीवर कोठून आली तें लिहिलेलें आहे. पुढें लाहोरचे प्राध्यापक शिवराम कश्यप यांनीं पश्चिम हिमालय व पंजाब येथील शेवाळीच्या एका भावकीवर १९२९ व १९३२ मध्यें दोन भाग प्रसिद्ध करून हें काम या देशांत, या देशाच्या माणसाच्या हातीं आणलें. भीमाशंकर, कोयना, राधानगरी या अभयारण्यांत पावसाळ्यांत जी हिरवळ प्रत्येक शिळेवर चढते, तिच्याकडे पाहतांना आतां आम्हांस ब्रूअरच्या पुड्या आठवतात.

शेवटीं आमच्याच एका चुकीची कबुली देऊन लेख पुरा करतों. नोकरींत असतांना एका खेड्यांतील जुन्या वैदिक घराण्यांत आम्हांस छत्तीस पोथ्या पाहावयास मिळाल्या. दोन दिवस बसून आम्ही यादी केली: ग्रंथनाम, पत्रसंख्या, पूर्ण कीं अपूर्ण. सर्व ग्रंथ ओळखतां आले याचा त्या वेळीं मोठा अभिमान वाटला. पुष्पिका उतरून घेण्याचें मात्र पुढच्या खेपेवर टाकलें, व कोणत्या रुमालांत कोणती पोथी होती हेंहि टिपलें नाहीं. पुढची खेप झाली नाहीं. घराण्याच्या वांटण्या झाल्या, पोथ्या पांगल्या. पुष्कळ वर्षांनीं एका जुन्या पुस्तकांच्या दुकानांत अमरकोशाची प्रत हातीं आली; शेवटचीं पत्रें गेलेलीं, समासांत एका जुन्या हाताच्या टिपा. ती त्याच घरची असावी असें मनानें घेतलें. घरीं येऊन यादी काढली, तों तींत शब्द होते ते एवढेच: अमरकोश, पत्रें ८८, अपूर्ण. दुकानांतील प्रतीचीं पत्रें ८५. तीच प्रत तीन पत्रें गळून तेथें आली कीं दुसरीच कोणाची, हें ठरविण्यास आमच्यापाशीं कांहीं उरलें नव्हतें. नांव आम्हीं बरोबर लिहिलें होतें. नांवाखेरीज जें लिहावयाचें तें लिहिलें नव्हतें.

म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंति आहे. पोथी हातीं आली कीं ग्रंथाचें नांव ठरविण्याची घाई करूं नये. आधीं गांव, घर, रुमाल, दिनांक आणि दाखविणाराचें नांव लिहावें, पुष्पिका जशीच्या तशी उतरून घ्यावी, व खालीं आपली सही करावी. नांव पुढील पिढींतील कोणीहि विद्वान ठरवील. पहिल्या पांच गोष्टी ज्यानें ती पोथी त्या घरांत पाहिली त्याच्यावांचून दुसऱ्या कोणासहि सांगतां येणार नाहींत.